ऑनलाइन पदवी चालत नसेल, तर विकायला परवानगी कशाला देता?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

स.न.वि.वि.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून विषय आधीच सांगते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका निमसरकारी कचेरीत नुकतीच माझी कागदपत्र पडताळणी झाली. पद लेखा सहायकाचे, कंत्राट अकरा महिन्यांचे, जाहिरातीतली अट ‘मान्यताप्राप्त विद्यापीठाची एमबीए’. काल अपात्र उमेदवारांची यादी लागली. माझ्या नावापुढे शेरा आहे: ‘अर्हता ऑनलाइन पद्धतीने, ग्राह्य नाही.’

माझी पदवी कुठल्या गाळ्यातल्या दुकानातली नाही. सरकारी विद्यापीठाची आहे. त्याचे नाव इथे लिहीत नाही, कारण त्या बिचाऱ्यांचा यात काही दोष नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, दूरशिक्षण विभागाच्या (डीईबीच्या) यादीत ते विद्यापीठ आहे, माझा अभ्यासक्रम आहे आणि मी प्रवेश घेतला ते सत्रही आहे. त्या पानाची छापील प्रत मी सोबत नेली होती. पडताळणीच्या टेबलावरच्या मॅडमनी गुणपत्रक हातात घेतले, तळाशी बारीक अक्षरात ‘ऑनलाइन’ लिहिले होते त्याखाली पेन्सिलने रेघ ओढली, चष्मा कपाळावर चढवला आणि शेजारच्या साहेबांना विचारले, “हे यशवंतरावचं आहे का हो?” (म्हणजे नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं.) साहेब म्हणाले, “नाही, ते निराळं. हे मोबाइलवरचं.”

मोबाइलवरचं! दोन वर्षांचा अभ्यास, चार सत्रांच्या परीक्षा, एक प्रकल्प अहवाल, आणि त्याची किंमत या एका शब्दात झाली. मी पिशवीतून यूजीसीची 2 सप्टेंबर 2022 ची सूचना काढून पुढे ठेवली. यूजीसीच्या 2020 च्या विनियमातल्या 22 व्या कलमाचा हवाला देऊन त्यात स्पष्ट म्हटले आहे की मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणातली आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष मानावी. साहेबांनी कागद उलटसुलट केला आणि म्हणाले, “हे दिल्लीचं झालं. आपल्या शासनाचा जीआर आणलाय का?”

तर मंत्रिमहोदय, तो जीआर मागायला हे जाहीर पत्र आहे. असा शासन निर्णय निघालेला असेल, तर तो तुमच्याच कचेऱ्यांना माहीत नाही. निघालेला नसेल, तर आजवर का काढला नाही ते सांगा. तुमच्या खात्याला एका पानाचे काम आहे. याहून बिनकामाच्या गोष्टींवर बरीच पाने खर्च होतात.

आता तुम्ही म्हणाल, बाई, नेहमीच्या कॉलेजात का गेला नाहीत? मी मंगळवेढा तालुक्यातली. एका साखर कारखान्यात लेखा विभागात आहे. गळीत हंगामात ऊसबिलांचा पंधरवडा आला की घरी जायची वेळ आमच्या हातात नसते. सोलापूरला रोज जाऊन-येऊन एमबीए करायची तर नोकरी सोडावी लागते, आणि नोकरी सोडली तर फी कोण भरणार? पगार एकोणीस हजार, घरात सासूबाई, दोन मुले आणि ठिबकच्या कर्जाचा हप्ता. माझ्यासारख्यांसाठीच तर सरकारने ऑनलाइनची सोय केली, असे आम्हाला सांगण्यात आले होते.

आणि निवड मी डोळे झाकून केली नव्हती. अख्खा एक उन्हाळा त्यात घातला. आधी डीईबीची यादी. तिथे नुसते विद्यापीठाचे नाव असून भागत नाही. अभ्यासक्रमाचे नाव पाहावे लागते, तो ऑनलाइन आहे की दूरशिक्षणातला ते पाहावे लागते, आणि सत्र पाहावे लागते, कारण जानेवारीच्या बॅचला असलेली परवानगी जुलैच्या बॅचला असेलच असे नाही. मग नॅक, म्हणजे विद्यापीठांना दर्जाची श्रेणी देणारी संस्था. ऑनलाइन पदवी द्यायची तर विद्यापीठाला नॅकचे 4 पैकी किमान 3.01 गुण हवेत किंवा एनआयआरएफ या केंद्राच्या क्रमवारीत पहिल्या 100 मध्ये जागा हवी. नॅकच्या श्रेणीची मुदत संपलेली नाही ना, हेही बघितले. मग फी. खासगीवाल्यांचा आकडा लाखापासून सुरू होऊन तीन लाखांपर्यंत जातो, आणि वर परीक्षा शुल्क वेगळे, प्रकल्पाचे वेगळे, पदवी प्रमाणपत्राचे वेगळे. इग्नूची, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यापीठाची, एमबीए तेव्हा साठ-पासष्ट हजारांच्या घरात होत होती. मला जे मिळाले ते सगळे धरून चौऱ्याऐंशी हजारांत बसले. भिशीचा नंबर लागला तेव्हा पहिल्या वर्षाची फी भरली. दुसऱ्या वर्षाची कशी भरली ते सांगत बसत नाही, आमच्या गावातल्या सोनाराला माहीत आहे.

एवढी तपासणी सामान्य माणसाने का करायची, हा प्रश्न तेव्हाही मनात आला होता. रेशनच्या दुकानात तांदूळ खराब निघाला तर आम्ही तहसीलदारांना जाब विचारतो, गिऱ्हाइकाने आधी प्रयोगशाळेत का नेला नाही असे कोणी म्हणत नाही. पदवीच्या बाबतीत मात्र सगळा भार आमच्यावर. यूजीसी नोटिसा काढून मोकळी होते. जानेवारी 2022 मध्ये एडटेक, म्हणजे ऑनलाइन शिकवण्या विकणाऱ्या, कंपन्यांशी विद्यापीठांचे फ्रँचायझी करार चालणार नाहीत म्हणून सांगितले. एप्रिल 2024 मध्ये ‘दहा दिवसांत एमबीए’वाल्यांपासून सावध राहा म्हणून सांगितले. दहा दिवसांत एमबीए! म्हणजे तशी जाहिरात करण्याइतपत कोणी निर्ढावलेले होते आणि कोणी पैसेही भरत असणार, तेव्हाच दिल्लीला जाग आली. नोटीस इंग्रजीत, संकेतस्थळावरच्या कुठल्या तरी कोपऱ्यात. आमच्या तालुक्यात ती कोणी वाचायची?

आमच्या तालुक्यात काय पोचते ते सांगू? फोन. एकदा कुठल्याशा संकेतस्थळावर नंबर टाकला की झाले. “मॅम, तुमच्या प्रोफाइलला स्कॉलरशिप मंजूर झालीय, आज रात्री बारापर्यंतच आहे.” दुसऱ्या दिवशी पुन्हा आज रात्री बारापर्यंतच. हे स्वतःला समुपदेशक म्हणवतात. यांना डीईबीच्या यादीचे विचारले की “मॅम, यूजीसी एन्टायटल्ड आहे ना”, म्हणजे यूजीसीची परवानगी आहे, एवढेच पाठ केलेले. कारखान्याच्या वजनकाट्यावरचा एक मुलगा यांच्याच हाती लागला. एमबीए म्हणून घेतले आणि हातात आले ते कंपनीचे सर्टिफिकेट, पदवी नाहीच. फी हप्त्यांवर म्हणून सांगितले होते, ते हप्ते म्हणजे फायनान्स कंपनीचे कर्ज निघाले. अभ्यासक्रम सोडला तरी हप्ता थांबत नाही, कारण कर्ज वेगळे आणि कोर्स वेगळा. आता त्याचा सिबिल खराब झालाय आणि बैलजोडीला कर्ज मिळेना.

कोचिंग क्लासवाल्यांनी ‘शंभर टक्के निवड, शंभर टक्के नोकरी’ अशा जाहिराती करू नयेत म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये नियमावली काढली. चांगले केले. पण ऑनलाइन पदव्या विकणाऱ्या दलालांचे काय? आणि ग्राहक मंचाची वाट धरावी तर तिथेही दगड. परीक्षा घेणारे विद्यापीठ ही काही सेवा विकत नाही, म्हणून विद्यार्थी तिथे ग्राहक ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये महर्षी दयानंद विद्यापीठाच्या खटल्यात म्हटले आहे. म्हणजे पैसे घेताना आम्ही ‘व्हॅल्यूड कस्टमर’, आणि दाद मागताना विद्यार्थी.

असो. या सगळ्यातून वाट काढत मी नीट ठिकाणी पोचले, हे पुन्हा सांगते. आणि शिकलेही. ‘घरी बसून पास झाली’ असे कचेरीच्या व्हरांड्यात कोणीतरी कुजबुजले, त्यांच्यासाठी एक सांगते. परीक्षेच्या वेळी कॅमेरा चालू ठेवावा लागतो. सुरुवातीला लॅपटॉप उचलून खोलीच्या चारी भिंती, टेबलाखालची जागा आणि दोन्ही कान दाखवावे लागतात. वित्त व्यवस्थापनाच्या पेपरला सासूबाई दार लोटून चहा घेऊन आल्या. त्यांना वाटले, सून मघापासून एका जागी बसलीय. लगेच पडद्यावर लाल पट्टी, ‘दुसरी व्यक्ती आढळली’. मी तोंडाने ‘जा’ म्हणावे तर आवाजही टिपला जातो. शेवटी डोळ्यांनी खुणावले, तर ‘नजर पडद्यावरून हटली’ म्हणून दुसरा इशारा. त्यात दुपारी तीनला आमच्याकडची वीज जाते ती जातेच. मुलाच्या सायकलचे पैसे इन्व्हर्टरला गेले. तुमच्या किती कॉलेजांत परीक्षेला इतकी झडती होते, ते एकदा आपण स्वतःच जाऊन पाहावे. आगाऊ कळवू मात्र नका.

‘मुलींना मोफत उच्च शिक्षण’ या घोषणेचे फलक आमच्या एसटी स्टँडवर लागले होते. 8 जुलै 2024 चा तो शासन निर्णय मी शोधून वाचला. उत्पन्न आठ लाखांच्या आत, ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्ग, आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे सरकारच्या सामायिक प्रवेश फेऱ्यांतून, झालेला हवा. ऑनलाइनला केंद्रीभूत प्रक्रिया असतेच कुठे? नोकरी, घर, मुले सांभाळून शिकणारी बाई तुमच्या ‘मुलींच्या’ व्याख्येत बसत नाही, एवढाच अर्थ मी काढला. फलकावर तशी तारांकित टीप टाकली असती तर बरे झाले असते. निदान मी रात्री जागून वाचला नसता.

नॅकचेही बोलते, आता निघालाच आहे विषय. ज्या नॅकच्या गुणांवर विद्यापीठांना ऑनलाइनची दारे उघडतात, त्याच नॅकच्या तपासणी समितीतल्या माणसांना सीबीआयने फेब्रुवारी 2025 मध्ये अटक केली, गुंटूरच्या एका संस्थेला वरची श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून. म्हणजे यादी तपासा म्हणता, ती यादी ज्या श्रेणीवर उभी आहे ती कोण तपासणार? मी?

आणि तुमच्या राज्यात 2024 ला बीबीए, बीएमएसला सीईटी लागली. लगेच अनेक कॉलेजांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलले, बीकॉमच्या पोटात मॅनेजमेंट घातले आणि सीईटीतून सुटका करून घेतली. संस्थांना नियमातून वाट काढता येते. उमेदवाराने मात्र जाहिरातीतला शब्द न् शब्द पाळायचा, आणि पाळूनही जाहिरातीत कुठेही नसलेली ‘ऑनलाइन चालणार नाही’ ही अट पडताळणीच्या टेबलावर ऐकायची. तीही अकरा महिन्यांच्या कंत्राटासाठी! कायम नोकरी असती तर बहुधा पदवीबरोबर सात-बाराही मागितला असता. शिक्षण समवर्ती सूचीत आहे, हे आम्ही नागरिकशास्त्रात शिकलो. त्याचा व्यवहारातला अर्थ आता कळला. दोन्ही सरकारे पाहून घेतील असे नाही, दोघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतील.

मागणे फार नाही. यूजीसीने मान्यता दिलेल्या ऑनलाइन पदव्या राज्यातल्या सर्व भरतींत, कंत्राटी धरून, ग्राह्य आहेत असा मराठीतला शासन निर्णय काढा आणि तो जिल्हा परिषदा, महामंडळे, पाणीपुरवठ्यापासून बचतगटांच्या प्रकल्पांपर्यंत सगळ्यांना पाठवा. दर सत्राला मान्य अभ्यासक्रमांची यादी आणि एकूण खर्चाचा आकडा मराठीत छापून तहसील कचेरीत आणि सेतू केंद्रात लावा, म्हणजे वजनकाट्यावरच्या मुलाला समुपदेशकाच्या फोनवर विसंबावे लागणार नाही. आणि ज्यांना ऑनलाइन पदवी मानायचीच नसेल त्यांनी जाहिरातीत तसे छापावे. मग आम्ही अर्जाचे पाचशे रुपये तरी वाचवू.

यादीवर आक्षेप नोंदवायला तीन दिवसांची मुदत आहे, त्यात मधे रविवार. आक्षेप आज दिला, पोच घेतली. ज्या नियमाने मला अपात्र ठरवले त्या नियमाची प्रत माहितीच्या अधिकारात मागितली आहे, दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून. कायद्याप्रमाणे 30 दिवसांत उत्तर यायला हवे. जे उत्तर येईल, किंवा येणार नाही, ते इथेच जाहीर करीन. आपल्या कार्यालयाकडून या पत्राची नुसती ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ अशी पोच आली, तर तीही.

आपली,
एक मोबाइलवरची एमबीए
ता. मंगळवेढा, जि. सोलापूर

ता.क. माझ्या जावेला येत्या जुलै बॅचला प्रवेश घ्यायचा आहे. आता त्यासाठी डीईबी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांकही काढावा लागतो, तो आम्ही काढला. फी भरायची शेवटची तारीख जवळ आली आहे. तिने भरावी की नको, एवढे तरी कृपया मुदतीच्या आत कळवा.