आप्पांना पत्र: रायफल कुठली आणि का

ॲशबर्टन, न्यूझीलंड

तीर्थरूप आप्पांना आणि सौ. आईला शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, शिकारीसाठी घेतलेली रायफल कुठली, केवढ्याला, आणि पोलिसांतली आमची थ्री-नॉट-थ्री (.३०३) का नाही घेतलीस. एवढ्याशा बोलण्यात त्याचं नीट उत्तर देता आलं नसतं. आईला तर हा प्रकारच पटलेला नाही, हे ती काहीच बोलली नाही त्यावरून समजलं. म्हणून सविस्तर लिहितो. आधी आईसाठी, मग तुमच्यासाठी. ताई, आईचा भाग तिला वाचून दाखव.

आई, माळकऱ्यांच्या घरातला मुलगा हरणं मारायला निघाला, याचं तुला वाईट वाटणार हे मला माहीत आहे. पण इथली गोष्ट आपल्याकडच्यासारखी नाही. माणूस यायच्या आधी या देशात जमिनीवर राहणारा सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघूळ. हरणं इंग्रजांनी १८५१ पासून जहाजांतून आणून सोडली, तीही शिकारीच्या हौसेपायी. इथे वाघ नाही, बिबट्या नाही, कोल्हासुद्धा नाही. त्यामुळे ती इतकी वाढली की जंगलात नवं रोप हातभर उंच व्हायच्या आतच खाल्लं जाऊ लागलं. १९३० पासून सरकारनं ती मारायला पगारी माणसं ठेवली. हिमालयातला ताहर हा रानबोकड १९०४ मध्ये इथल्या माउंट कुकच्या परिसरात आणून सोडला, त्याचीही तीच कथा. आजही सरकारी जंगलात लाल हरणाच्या शिकारीला संवर्धन खातं फुकट परवाना देतं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद केली ते योग्यच झालं, आपल्या जनावरांचं ते स्वतःचं घर आहे. इथे उलट आहे.

मारलेलं हरीण आम्ही खाणार. एका मादीचं तीस किलोच्या आसपास मांस निघतं, आमचा फ्रीजर कितीतरी महिने भरलेला राहील. ते विकायला कायद्यानं बंदी आहे, वाटून खायचं. राहता राहिला त्याच्या जिवाचा प्रश्न. ते एका गोळीत, कळायच्या आत जावं, जखमी होऊन रानात तडफडू नये, ही जबाबदारी माझी. रायफल निवडताना मी सगळा हिशेब याच एका गोष्टीवरून मांडला. आणि घरात नातू आहे म्हणून तुला धास्ती वाटते, तर ऐक. रायफल भिंतीला पक्क्या बसवलेल्या लोखंडी तिजोरीत असते, रायफलीचा बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा दांडा, काढून दुसरीकडे ठेवलेला असतो आणि काडतुसं तिसऱ्या कुलपात. रायफल कुलपात आणि काडतुसं वेगळी ठेवायची, हा नियमच आहे. परवाना देणाऱ्यांनी आधी घरी येऊन सगळं तपासलं, मला प्रश्न विचारले आणि तुझ्या सुनेशीही बोलले. पहिला परवाना पाचच वर्षांचा मिळतो.

आता आप्पा, तुमच्या प्रश्नांकडे येतो.

बोल्ट-ॲक्शनच, म्हणजे दर गोळीला हातानं बोल्ट ओढायची रायफलच का, हे तुम्हाला सांगायला नको. २०१९ च्या मार्चमध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये ५१ माणसं मारली गेली, त्यानंतर महिन्याभरात इथल्या सरकारनं बहुतेक सगळ्या सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरून घेणाऱ्या, रायफलींवर बंदी घातली. २०२३ पासून प्रत्येक बंदुकीची नोंद करावी लागते. पण बंदी नसती तरी मी बोल्टच घेतला असता. यंत्र साधं, पावसाचिखलात अडकत नाही, आणि दुसरी गोळी भरायला हात उचलावा लागतो हे माहीत असल्यानं माणूस पहिलीच विचार करून मारतो.

थ्री-नॉट-थ्रीचा मोह मला फार झाला. तुम्ही पोलीस मैदानावर वर्षानुवर्षं जी खांद्याला लावली, तीच ली-एनफिल्ड या देशाच्या डोंगरांतही तितकीच वापरली गेली आहे. त्या पगारी शिकाऱ्यांच्या हातात बहुतेक लष्करातून आलेल्या थ्री-नॉट-थ्रीच असत. पुढचं लाकूड कापून हलक्या केलेल्या त्या रायफली अजून इथल्या शेतघरांत आहेत आणि जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. तिचा बोल्ट आजच्या कित्येक रायफलींपेक्षा भरभर चालतो, मॅगझिनमध्ये दहा राउंड, म्हणजे दहा काडतुसं. पण अडचण स्कोपची, रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीची. क्लिपनं राउंड भरायचे म्हणून बोल्टच्या वर जो पूल आहे, तो नेमका स्कोपच्या आड येतो. स्कोपचा माउंट बसवायला मूळ रायफलीत भोकं नसतात, ती कारागिराकडून पाडून घ्यायची, आट्या पाडायच्या, त्यात रायफलीच्या किमतीइतका खर्च. शिवाय .३०३ ची काडतुसं आता प्रत्येक दुकानात नसतात. नळीवरच्या उघड्या फोरसाईट-बॅकसाईटनं, पुढच्या-मागच्या खुणा जुळवून, तुम्ही टार्गेट बरोबर लावत होता, पण ते टार्गेट पांढऱ्या कागदावर काळं असायचं. इथे संध्याकाळच्या उजेडात तपकिरी गवतात तपकिरी जनावर उभं असतं.

म्हणून .३०८ विंचेस्टर काडतुसाची रायफल. तुमच्या एसएलआर रायफलीची गोळी ७.६२ × ५१ ची, .३०८ हे तिचंच नागरी भावंड, १९५२ साली बाजारात आलेलं. हल्ली तरुण मंडळी ६.५ क्रीडमूरच्या मागे आहेत. चांगलं काडतूस आहे, धक्का कमी, लांबवर वाऱ्यात कमी ढळतं. पण मला लांबवर मारायचंच नाही. .३०८ चं काडतूस इथल्या प्रत्येक गावातल्या दुकानात मिळतं, साधं स्वस्त डबडंही मिळतं आणि चांगलंही. बजेट तोकडं असताना ज्या काडतुसाचा सराव परवडतो तेच आपलं काडतूस, असं माझं पक्कं मत झालंय.

पैशाची मर्यादा दोन हजार डॉलर ठरवली होती, आपल्या लाखभर रुपयांच्या घरात. दुकानात गेलं की पहिला हात फिनलंडच्या टिक्का टी३एक्सकडे जातो. बोल्ट असा सरकतो की नळीत लोणी घातलंय असं वाटावं, आणि वजनही तीन किलोच्या आत. पण ती नवी घेतली असती तर सगळे पैसे तिथेच संपले असते आणि वर स्वस्तातला स्कोप चढवावा लागला असता. अमेरिकन रुगर आणि सॅव्हेजच्या स्वस्त रायफलीही पाहिल्या. नेमाला त्या खोट्या नाहीत, पण प्लास्टिकचा दस्ता हातानं दाबला तर पुढच्या बाजूला नळीला टेकतो, ते मला आवडलं नाही. शेवटी जपानी होवा १५०० वर थांबलो. जुनी, एका मालकाची, वीस इंची नळी, टोकाला सायलेन्सरसाठी आट्या पाडलेल्या. इथे सायलेन्सर कायदेशीर आहे आणि जवळजवळ सगळेच वापरतात, कान वाचतात आणि धक्काही कमी बसतो. टिक्कापेक्षा ती जड आहे. स्कोप आणि सायलेन्सर धरून चार किलोच्या वर जाते, म्हणजे तुमच्या थ्री-नॉट-थ्रीएवढी. जड रायफल डोंगर चढताना जाणवते, पण नेम धरताना हातात स्थिर राहते.

जुनी रायफल घेताना तुमची शिस्त कामी आली. बोल्ट काढला, उजेडाकडे धरून नळीतून पाहिलं, आतल्या खाचा धारदार आहेत का, खड्डे पडलेत का. नळीच्या टोकाची कडा बारकाईनं तपासली, कारण गोळी सुटताना शेवटचा स्पर्श तिचा असतो आणि तिथे ओरखडा असेल तर ग्रुपिंग, म्हणजे कागदावर गोळ्यांचा एकत्र पडणारा पुंजका, फाटतं. सायलेन्सर न काढताच लोक रायफल कपाटात ठेवतात, मग ओल धरून नेमका तिथेच गंज चढतो. ही स्वच्छ निघाली. मग डोळे मिटून खांद्याला लावली आणि उघडले. उघडल्यावर स्कोपचं पूर्ण गोल दिसलं तर दस्ता आपल्या मापाचा. मान ताणावी लागली तर तो आपला नाही, मग रायफल कितीही स्वस्त असो. इथल्या उंच माणसांच्या मानानं बनवलेले दस्ते आपल्यासारख्यांना लांब पडतात, हे दुकानदार आपणहून सांगत नाहीत.

तिच्यासोबत एक स्कोपही येत होता, तो मी नको म्हटलं आणि किंमत कमी करून घेतली. सगळ्यात जास्त विचार मी स्कोपवर केला. आजची स्वस्तातली रायफलसुद्धा चालवणाऱ्यापेक्षा नेमाला चोख असते. स्वस्तातला स्कोप मात्र दर राउंडच्या धक्क्यानं आतल्या आत हलतो आणि आपण आपल्याच हाताला दोष देत बसतो. लोक आकड्यांना भुलतात, सहा ते चोवीस पट, भलीमोठी काच, आत लाल दिवा. त्याच पैशात एवढं सगळं दिलं तर काच आणि यंत्र हलकंच असणार. मी लुपोल्ड कंपनीचा साधा ३-९ × ४० घेतला. म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दिसतं आणि पुढची काच ४० मिलिमीटरची. ४० ला पटीनं भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचं माप मिळतं. सहा पटीला साडेसहा मिलिमीटरच्या थोडं वर, अंधारात माणसाची बाहुली जवळजवळ तेवढीच उघडते. नऊ पटीला साडेचारच. म्हणून तिन्हीसांजेला पट कमी करायची, चित्र लहान पण उजळ दिसतं. वजन साडेतीनशे ग्रॅम. डोळा काचेपासून नऊ-दहा सेंटीमीटर लांब ठेवता येतो, त्यामुळे धक्क्यानं भुवई फुटत नाही.

माउंट आणि रिंगा मात्र चांगल्या घेतल्या. स्कोप रायफलीला धरून ठेवणारे ते चार-सहा स्क्रू सैल असले तर वरची सगळी काच फुकट. मोजून आवळणारा पाना नेमबाजीच्या क्लबातून मागून आणला आणि दोन्ही बाजू सारख्या आवळल्या.

नेम बसवण्याची रीत तुम्हाला आवडेल. बोल्ट काढायचा, रायफल पोत्यांवर ठेवायची आणि नळीतूनच २५ मीटरवरचं टार्गेट मध्यभागी आणायचं. मग रायफल न हलवता स्कोपचं क्रॉस, म्हणजे आतल्या रेषांची फुली, त्यावर आणायचं. त्यामुळे पहिलाच राउंड कागदावर लागतो, काडतुसं वाया जात नाहीत. पुढे १०० मीटरवर तीन-तीन राउंडचं ग्रुपिंग. स्कोपच्या फिरकीचा एक क्लिक तिथे सात मिलिमीटर सरकवतो, म्हणजे ग्रुपिंग सात सेंटीमीटर खाली असेल तर दहा क्लिक वर. मी १०० ला चार-पाच सेंटीमीटर वर ठेवलंय, म्हणजे २०० मीटरच्या सुमारास गोळी बरोबर क्रॉसवर येते. ३०० ला ती वीस-पंचवीस सेंटीमीटर खाली जाते. हरणाच्या काळीज-फुफ्फुसाची जागा वीस सेंटीमीटरचं वर्तुळ धरतात. म्हणजे २०० च्या पलीकडे मी चाप ओढणार नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. आई, हे तुझ्यासाठीही आहे.

उरलेले पैसे काडतुसांत घातले. बसून, गुडघ्यावर, सॅकवर टेकवून, दम लागलेला असताना मारायचा सराव करतोय. घरी रोज रिकाम्या रायफलीवर कोरडा सराव, त्याला पैसा लागत नाही. जुनी का होईना, एक दुर्बीणही घेतली आणि ती चैन नाही. मार्च-एप्रिलमध्ये नर माजावर येऊन हंबरतात, तेव्हा जंगलात शिकारीही जास्त असतात, आणि झुडपात हललं म्हणून माणसावर गोळी झाडल्याच्या घटना इथे झाल्या आहेत. ज्याच्याकडे दुर्बीण नाही तो स्कोपमधून बघतो, म्हणजे समोर माणूस असला तर त्याच्यावर रायफल रोखतो. आधी दुर्बिणीतून पूर्ण जनावर दिसलं पाहिजे, मगच रायफल खांद्याला.

तुम्हाला एकच विचारायचं आहे. गुडघ्यावर बसून मारताना माझं ग्रुपिंग उजवीकडे खाली जातंय. झोपून मारताना जात नाही, म्हणजे स्कोपचा दोष नाही. तुम्ही रंगरुटांना डाव्या कोपराबद्दल काहीतरी सांगायचात, ते गुडघ्याच्या वाटीवर ठेवायचं की पुढे? नीट आठवून लिहा किंवा ताईच्या फोनवरून आवाज भरून पाठवा. पुढच्या वर्षी तुम्ही दोघं आलात की आप्पांना क्लबवर नेईन. परवानाधारक शेजारी उभा असेल तर पाहुण्यालाही इथे रायफल चालवता येते. स्कोपच्या मागच्या काचेचा फोकस डोळ्यांप्रमाणे फिरवता येतो, तरी लांबचं बघायचा चष्मा आठवणीनं आणा. आईसाठी त्या दिवशी वेगळा बेत ठरवलाय, सून तिला समुद्रावर घेऊन जाणार आहे.

आईच्या गुडघ्याचं औषध चालू आहे ना? ताईला आणि दाजींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुमचा,
धाकटा