कोल्हा कोणी खात नाही

संपादक महोदय,

'रानडुकरांची शिकार खुली करा' हे पत्र आपल्या सदरात वाचले. त्यातले अर्धे, म्हणजे पिकांच्या नासाडीचे, मला पटते. टपाल खात्यातून निवृत्त होऊन मी नागपूरच्या नंदनवनात राहतो आणि भिवापूरजवळ आमचे वडिलोपार्जित साडेचार एकर शेत आहे. डुक्कर खाते थोडे, उकरते फार. हरभरा पेरल्यावर दोन रात्रींत तासेच्या तासे उकरलेली मी पाहिली आहेत. रोही, म्हणजे नीलगाय, तर कमरेएवढ्या कुंपणाला मोजतच नाही. शेत बटईने, म्हणजे वाट्याने, करणारा पोरगा मला म्हणतो, "काका, महिनाभर जागलीले या, मंग जीवदयेचं बोला." त्याच्यापुढे माझे तोंड बंद होते.

पण पत्रलेखकाने शिकारीला 'निसर्गाचाच नियम' म्हटले आहे, तिथे मी अडलो. माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. गाभण मादीवर ते कधी गोळी झाडत नसत आणि हे मोठ्या अभिमानाने सांगत. पण मारायचे ते कळपातला सगळ्यात भरदार नर. ओसरीवर सांबराची शिंगे होती. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर वडिलांनी ती जमा केली, त्याचे आजोबांना शेवटपर्यंत वाईट वाटले. वाघाला ओसरी सजवायची नसते. शिंग पोटात घुसले तर आपलाच कारभार आटोपेल हे त्याला ठाऊक असते, म्हणून म्हातारे, लंगडे, चुकलेले पिल्लू असे जे सोपे पडेल ते तो उचलतो. कोळसून, म्हणजे रानकुत्री, टोळीने पाठलाग करतात तेव्हाही मागे पडते तेच सापडते. वाघ काही साधू नव्हे, बांधलेले वासरूही नेतो. पण आजोबांचे काम आणि त्याचे काम एक नव्हते.

शिकारीने जनावरे आटोक्यात राहतात, याला पत्रात अमेरिकेचा दाखला आहे. तिथे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले लांडगे १९२६पर्यंत मारून संपवले. पुढे एल्क नावाची हरणे इतकी वाढली, की उद्यानाचे कर्मचारीच बंदुका घेऊन ती कमी करू लागले. शेवटी १९९५मध्ये कॅनडातून लांडगे आणून सोडावे लागले. दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा. आपल्याकडेही २०१६मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नेमबाज बोलावून डुकरे मारली होती, अशा मारण्यावरून दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांची जाहीर खडाजंगी झाली. डुकरीण एका विणीत चार-सहा पिल्ले घालते. त्या भागातल्या शेतकऱ्याला आज जाऊन विचारा, त्रास मिटला का.

तरीही बंदुकीवर माझा मुख्य आक्षेप नाही. पिकाचा नाश करणाऱ्या जनावराला मारण्याची परवानगी १९७२च्या त्याच कायद्याच्या कलम ११ खाली आजही मिळू शकते. त्यात कोणी मारले, किती मारले, याची कुठेतरी नोंद राहते. आपल्या भागातली खरी शिकार बंदुकीने होतच नाही. ती होते विजेच्या लाइनवर आकडा टाकून शेताभोवती सोडलेल्या उघड्या तारेने, आणि तिच्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही.

मी हे सोवळेपणाने लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी बटईवाल्याचा फोन आला, "काका, आकडा टाकला, आता फिकर नका करू." मी "बरं" म्हणून फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा डुकराचे वाटे होऊन गेले होते, रक्ताचा डाग तेवढा होता. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक कोल्हा ताठ होऊन पडलेला. तो मला दिसला याचे कारण इतकेच, की कोल्हा कोणी खात नाही. शेतातले उंदीर फुकटात वेचणारे ते जनावर मी नाल्यात फेकले आणि कोणाला काही बोललो नाही. आज पहिल्यांदा सांगतो आहे.

उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातल्या 'जय' वाघाला अख्खे नागपूर पाहायला जात होते. २०१६मध्ये तो दिसेनासा झाला. त्याचा बच्चा 'श्रीनिवास' पुढच्याच वर्षी चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे एका शेतातल्या अशाच तारेने गेला. डुकरांवर जगणारा वाघ डुकरांसाठी लावलेल्या तारेवर मेला. आमच्या गावात त्याची चर्चा झाली ती, त्या शेतकऱ्याचे आता काय होणार, एवढीच.

कुंपणाच्या तारेला जोडायची झटका मशीन मारत नाही, नुसता हिसका देते. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदानही आहे. मी यंदा मशीन बसवली. महिन्याभरात तिची बॅटरी चोरीला गेली, दुसरी पदरच्या पैशाने आणली. पंचनाम्याची माणसे आली तेव्हा मोडलेली तूर आम्ही केव्हाच उपटून टाकली होती, मग नुकसान दाखवायचे काय? ओलितासाठी दिवसा वीज आणि आठवड्याच्या आत पंचनामा, एवढे दोन झाले तर आकडा टाकणारे निम्मे हात थांबतील असे मला वाटते. उरलेल्या निम्म्यांना मांसच हवे असते, त्यांच्यासाठी कायदा आहे.

पत्रलेखकांना विनंती, कार्तिकात एक रात्र आमच्याकडे जागलीला यावे. मचाण आहे, घोंगडी देतो, चहाचा थर्मास मी आणीन. सकाळी बरोबर नाल्यापर्यंत जाऊन येऊ.

– एक निवृत्त टपाल कर्मचारी, नंदनवन, नागपूर