बन्नीत कुंपण घालण्याआधी

दांडिया बाजार, बडोदे

चि. निनादास अनेक आशीर्वाद.

बन्नीतल्या कुंपणाचा तू पाठवलेला नकाशा पाहिला. तुझ्या आईने मोबाइलवर तो मोठा करकरून बघितला आणि विचारलं, "यातून म्हशी जायच्या कुठून?" माझ्याही मनात तेच होतं, तुझं पहिलंच काम म्हणून गप्प बसलो होतो. आता लिहितोच.

बन्नी म्हणजे कच्छमधलं सुमारे २,५०० चौरस किलोमीटरचं गवताळ रान. तुझ्या कागदावर ती रिकामी दिसते. माझा जन्म दुधाच्या धंद्यात गेला, त्यामुळे मला आधी जनावर दिसतं. तिथल्या म्हशी संध्याकाळी धार काढून झाली की रात्रभर चरायला निघतात, बहुधा राखणदाराशिवाय, आणि पहाटे आपापल्या वाड्यावर हजर! भर उन्हात चरणार कोण? २०१० साली बन्नी म्हैस स्वतंत्र जात म्हणून मान्य झाली. मालधाऱ्यांनी, म्हणजे तिथल्या पशुपालकांनी, पिढ्यान्‌पिढ्या अशी काटक जनावरं निवडून राखली, त्याचं ते फळ. तुझं चौकोनी कुंपण त्यांच्या रात्रीच्या वाटेत येईल की नाही, हे तू कुणाला विचारलंस?

"गुरं वाढली म्हणून गवत संपलं" हे वाक्य तुमच्या अहवालांत फार लवकर येतं. गवताची जागा बळकावणारी ती परदेशी काटेरी वेडी बाभूळ काही मालधाऱ्यांनी आणली नाही. १९६१च्या सुमारास वनखात्याने लावली, खारट रण पुढे सरकू नये म्हणून. पुढे गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी सगळीकडे गेलं, हे खरंच. पण त्या शेंगा गाईंना बाधतात. कांकरेज गाई कमी होऊन म्हशी वाढल्या, त्यामागे हेही एक कारण. आणि ही बाभूळ वरून तोडलीस तर फुटवे फुटून आणखी दाट होते. मुळासकट उपटायला हवी, पावसाआधी. मग गवत बी धरेपर्यंत त्या तुकड्यात जनावर सोडायचं नाही. ती राखण तारेपेक्षा गावाच्या शब्दावर टिकते. शिवाय २००६च्या वनहक्क कायद्याने चराईचा सामूहिक हक्क ग्रामसभेला मागता येतो, म्हणजे त्यांना वगळून तुझं काम कायद्यातही अडकेल.

तेव्हा बन्नीतल्या होडका गावाला जा, वडीलधाऱ्यांना विचारून एखाद्या वाड्यावर रात्र काढ. झोपू नकोस, म्हशींच्या मागे चाल. साहेबांना नकाशा त्यानंतर दाखव, चार दिवस उशीर झाला तरी चालेल.

दिवाळीचं तिकीट काढलंस का? आई रोज विचारते.

तुझे,
बाबा