सडा पडला नाही तर दार वाजवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर वर्षी ३० सप्टेंबर जवळ आला की तुमच्या अंकात १९९३ च्या भूकंपाची आठवण म्हणून आमच्या भागाचं पान येतं. पडलेल्या गावांचे फोटो, स्मारकावर फुलं वाहणारी माणसं. ते पान मी कापून ठेवते, आजवरची सगळी ट्रंकेत आहेत. यंदा ते पान यायच्या आधीच हे पत्र लिहायला घेतलं, कारण मला सांगायचंय ते आत्ताचं आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या आधी छापून आलं तर आमच्या गल्लीला त्याचा उपयोग होईल.

मी औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात राहते. शिवणकाम करते. उजेड चांगला मिळतो म्हणून मशीन दाराशीच मांडलेली आहे, त्यामुळं गल्लीतलं येणं-जाणं दिवसभर नजरेखालून जातं. कुणाची लेक माहेरी आली, कुणाकडं पाहुणे आले, कुणाचं दूध आज नासलं, हे सगळं मला कळतं असा माझा समज होता.

महालक्ष्म्या बसायला पाच-सहा दिवस होते. ब्लाऊजचा ढीग पडलेला. मी पहाटेच उठून मशीनवर बसले. सात वाजता दोऱ्याचं रीळ बदलताना समोर बघितलं तर आक्कांच्या दारात सडा नव्हता. आक्का म्हणजे आमच्या समोरच्या, वय चौऱ्याहत्तर, एकट्याच राहतात. मुलगा पुण्याकडं कंपनीत, मुलगी निलंग्याला दिलेली. इतक्या वर्षांत आक्कांच्या दारात उजाडल्यावर सडा नाही, असं मी पाहिलेलं नाही. पाऊस असला तरी अंगणातलं पाणी झाडून दोन बोटांची रांगोळी काढणारच. मला ते दिसलं. मी मनात म्हटलं, मुलीकडं गेल्या असतील सणाला. आणि परत सुईत दोरा ओवला.

नऊ वाजायच्या सुमाराला दूध घालणारी पोरगी पातेलं घेऊन तशीच परत आली. “आजी दारच उघडंनात,” म्हणाली. तेव्हा मी उठले. पुढचं दार आतून लावलेलं. कंपाउंडच्या कडेनं मागं गेले तर आक्का संडासाच्या वाटेवर फरशीवर पडलेल्या. पावसानं तिथं शेवाळ धरलेलं. रात्री चारच्या सुमाराला लघवीला उठल्या, पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. चारपासून नऊपर्यंत त्या तिथं होत्या. अंगावरचं लुगडं ओलं, हात गार पडलेले. मला बघून रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “लई हाका मारल्या गं मी. मग आवाजच फुटंना.”

१०८ ला फोन लावला, गाडी आली, लातूरला ऑपरेशन झालं. आता त्या वॉकर धरून चालतात. जीव वाचला. पण मी सात वाजता बघितलं होतं आणि नऊ वाजता उठले, ते दोन तास माझ्या मनातून जात नाहीत.

त्या हाका कुणालाच कशा गेल्या नाहीत, याचा मी खूप विचार केला. आक्कांच्या डाव्या-उजव्या दोन्ही घरांत माणसं होती. पण मधे मोकळं अंगण, मग कंपाउंड, मग सिमेंटची भिंत, आत पंखा चालू, बाहेर पाऊस. आमच्या जुन्या गावात असं झालं नसतं. तिथं दोन घरांत मिळून भिंत एकच असायची. आमच्या सासूबाईंना रात्री खोकल्याची उबळ आली की पलीकडच्या काकू भिंतीवर थाप मारून विचारायच्या, पाणी दिलं का म्हणून. माळवद म्हणजे घरावरचं मातीचं सपाट छप्पर; माळवदावरून माळवदावर गेलं की अर्धं गाव पायाला माती न लागता फिरून व्हायचं. उन्हाळ्यात कुरडया एकीच्या माळवदावर वाळायच्या आणि राखण दुसरीची पोरं करायची.

मी त्या घरांचं कौतुक करायला बसलेली नाही. त्याच भिंतींनी माझी सासू आणि धाकटा दीर नेले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. लेक किरकिर करत होती म्हणून मी तिला घेऊन बाहेर अंगणात पडले होते, म्हणून आम्ही दोघी राहिलो. पुढं इंजिनिअर लोक आले तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. दोन-अडीच फूट जाडीची भिंत, बाहेरून दगडाचा एक पदर, आतून एक पदर, मधे नुसते गोटे आणि चिखल. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवद. ते गळू नये म्हणून दर साली पावसाळ्याआधी आम्हीच त्यावर माती चढवत होतो, सासूबाईंच्या सासूपासून. लाकडावर किती ओझं झालं ते कुणी मोजलं नाही. आमच्या दोन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ आठ हजार माणसं गेली. त्यामुळं नव्या घराची सिमेंटची भिंत मला नकोशी नाही. तिच्या आत मी निर्धास्त झोपते.

पण गाव नुसत्या घरांचं होत नाही, हे तेव्हा आम्हाला सांगता आलं नाही. कुणी विचारलं असतं तरी त्या दिवसांत आम्ही बोलण्याच्या स्थितीत नव्हतो. ५२ गावं नव्या जागी उठवून नेली. भूमिहीनांना आणि हेक्टरभर जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फुटांचं घर, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४५०, त्याहून जास्तवाल्यांना ७५०. आमच्या गावात हे तीन मापांचे तीन भाग झाले. रस्ते सरळ आणि रुंद, एका गाडीला दुसरी सहज ओलांडून जाईल असे. कुणाची जमीन किती, त्यावर शेजारी कोण हे ठरलं. जिच्याकडं मी विरजण मागायला जायचे ती माझी चुलत जाऊ गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. पहिली दोन-तीन वर्षं आम्ही दोघी उन्हातून एकमेकींकडं जायचो. मग तिचे गुडघे गेले, माझं शिवणकाम वाढलं. आता लग्नाकार्यात भेटतो.

तेव्हा हे चाललं, कारण घरं माणसांनी भरलेली होती. आता नाही चालत. भूकंपाच्या वेळची कडेवरची पोरं आज पुण्यात, चाकणला, हैदराबादला आहेत. पाऊस बेभरवशाचा, सोयाबीनला भाव नाही, ती इथं राहून करणार काय? त्यांना मी नावं ठेवत नाही, माझी लेकही तिकडंच आहे. पण माझ्या एका गल्लीत अकरा घरं आहेत आणि त्यांतल्या चार घरांत एकेकटं म्हातारं माणूस आहे. तीन बायका, एक आजोबा. मुलं रोज फोन करतात, चांगली आहेत मुलं. पण पहाटे चार वाजता फरशीवर पडलेल्या माणसाला पुण्याहून हात देता येत नाही.

आक्कांना दवाखान्यातून आणलं त्या संध्याकाळी मी गल्लीतल्या सगळ्या बायकांना घरी बोलावलं. चहा केला. आम्ही ठरवलं ते फार साधं आहे. सकाळी सातपर्यंत दारात सडा पडला नाही, तर समोरच्या घरानं जाऊन दार वाजवायचं. गेल्या असतील कुठंतरी, असं मनात आणायचं नाही. जायचं. बाहेरगावी जायचं असेल तर आदल्या दिवशी समोर सांगून जायचं. मागच्या दाराची एक किल्ली शेजारी ठेवायची. आजोबा सडा घालत नाहीत, तर ते उठले की ओट्यावरचा दिवा बंद करतात. दिवसा तो दिवा जळताना दिसला तर जायचं. शेवाळाच्या जागी सगळ्यांच्याच मागल्या वाटेवर चुना टाकून घासून घेतलं, ते काम गल्लीतल्या पोरांनी एका रविवारी केलं.

यात एकदा आमची फजिती झाली. कडेच्या घरातल्या काकूंचा सडा नाही म्हणून चार जणी धावत गेलो, कुलूप. किल्लीनं उघडून आत बघितलं, न्हाणीत बघितलं, जीव नुसता टांगणीला. दुपारी काकू तुळजापूरहून परत आल्या, परडी घेऊन. सांगायचं विसरल्या होत्या. मला वाटलं घर उघडलं म्हणून रागावतील. त्यांनी प्रसाद दिला आणि म्हणाल्या, “बघायला आलात, त्येच लई झालं.”

आता ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे तो विषय. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोकळी जागा आहे. गावाचा नकाशा केला तेव्हाच ती सगळ्यांसाठी म्हणून सोडलेली. १९९६ साली तिथं आम्ही बायकांनी कडुलिंबाचं झाड लावलं. तेव्हा गावात टँकर यायचा; आपल्या दोन घागरींतला एक तांब्या झाडाला, असं दोन उन्हाळे केलं. आज त्या लिंबाला एकाच्या कवेत मावणार नाही एवढं खोड आहे. पण त्याखाली बसायला जागा राहिलेली नाही. एका बाजूला उकिरडा, एका बाजूला कुणाचं तरी मळणीयंत्र, मधे वाळूचा ढीग. आणि आता तिथं गाळे काढून भाड्यानं द्यायचे असं पंचायतीत चाललंय. लिंब तोडावा लागेल, असंही ऐकते.

गाळ्यांना माझा विरोध नाही. पंचायतीला उत्पन्न पाहिजे हे मलाही कळतं, नळाची मोटर जळाली की पैसे कुठून आणायचे हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. पण गाळे बसथांब्याजवळच्या पड जागेत निघू शकतात आणि गिऱ्हाईकही तिथंच येईल. गल्लीच्या तोंडाशी दुकान काढून माल घेणार कोण, आम्ही अकरा घरं?

त्या लिंबाभोवती पार बांधावा, एवढीच आमची मागणी आहे. दगड-सिमेंटचा, गुडघाभर उंच, म्हाताऱ्या माणसाला बसता-उठता येईल असा, एका बाजूला धरायला लोखंडी नळी. जुन्या गावात वेशीजवळ पार होता. रोज संध्याकाळी ठरलेली माणसं ठरलेल्या जागी बसायची, आणि एखादी जागा रिकामी दिसली की कुणीतरी विचारायचं, आज हे आले नाहीत का? नव्या गावात ही विचारपूस कुठं करायची, तेच ठिकाण नाही. मंदिर लांब, समाजमंदिराला कुलूप, रस्त्यावर ट्रॅक्टर. म्हातारी माणसं आपापल्या ओट्यावर एकेकटी बसतात आणि रुंद रस्त्यापलीकडं हात करतात. पलीकडच्याला कमी दिसतं, त्याला तो हातही दिसत नाही.

ग्रामसभेबद्दल बायकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत, आमच्या गावातल्या आणि इतर गावांतल्याही. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असा नियम आहे. ती कागदावर उरकू देऊ नका, जाऊन बसा आणि आपला ठराव लिहून घ्यायला लावा. दुसरं, ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. तेवढी आली नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्ती लागत नाही. मग दहा-पंधरा माणसांत गावाच्या जागेचा निर्णय होतो आणि तो कायदेशीरही असतो. मी हे अनेकदा बघितलंय. दोष आलेल्यांचा नाही, घरी राहिलेल्यांचा आहे, आणि त्यात मीही होते. “शिवण आहे” म्हणून मी किती सभा चुकवल्या असतील.

या वेळी आमच्या गल्लीतली अकराही घरं जाणार आहेत. शेजारच्या दोन गल्ल्यांत मी घरोघर फिरून आले, तिथल्याही बायका येतो म्हणाल्या. एका घरी मला विचारलं, पार तुमच्या गल्लीत होणार, आम्हाला काय? मी म्हटलं, तुमच्याकडंही असा तुकडा सोडलेला असेल, नकाशा पंचायतीत आहे, मागून घ्या आणि बघा. त्या बाईंचे यजमान दुसऱ्याच दिवशी नकाशा बघून आले. त्यांच्या गल्लीचा तुकडा निघाला. त्यावर सध्या कडब्याची गंज आहे.

आक्कांना डॉक्टरांनी फार चालू नका म्हणून सांगितलंय. तरी त्या सभेला यायचं म्हणतात. पंचायतीच्या सतरंजीवर त्यांना खाली बसता येणार नाही, म्हणून माझ्या मशीनची खुर्ची घेऊन जाणार आहे. गल्लीतली दोन पोरं त्यांना मोटारसायकलवर न घेता हळूहळू चालवत नेणार आहेत, लिंबावरून.

आपली वाचक,
एक शिवणकाम करणारी बाई,
ता. औसा, जि. लातूर