पेपर आठ वाजता आला तरी चालेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी नाशिकला सिडकोत पेपर टाकतो. म्हणजे आता माझी स्वतःची एजन्सी आहे, सात लाईनी आहेत, लाईन म्हणजे एका जणाने पेपर टाकायची ठरलेली घरं, तुमचाही पेपर माझ्याकडे येतो, पण कोणी विचारलं काय करता तर मी अजून हेच सांगतो. दरवर्षी दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी तुम्ही फोटो छापता, काम करून शिकला आणि एवढे टक्के पाडले, आईबाप पेढा भरवतायत. छापा, जरूर छापा, त्या पोराने ते कमावलेलं असतं. पण मी गेली बावीस वर्षं शाळेतल्या पोरांना काम देतोय आणि फोटो न आलेली पोरंच मी जास्त बघितलीत, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

आमचं काम कसं चालतं ते आधी सांगतो कारण सकाळी दाराच्या कडीला पेपर अडकवलेला असतो एवढंच लोकांना माहिती असतं. पहाटे चारला उठायचं, सव्वाचारपर्यंत चौकात यायचं, टॅक्सीतून गठ्ठे उतरतात ते मोजून घ्यायचे, मग मुख्य अंकात पुरवणी घालायची, त्यात कुठल्या क्लासचं नाहीतर मॉलचं हँडबिल असेल तर ते घालायचं, मग लाईनीप्रमाणे लावायचे, कोणाला मराठी कोणाला इंग्रजी कोणाला दोन्ही, आणि पावणेसहाला सायकल काढायची. एका लाईनीला ऐंशी ते शंभर घरं. लिफ्ट असलेल्या बिल्डिंगीत पण वॉचमन पोरांना लिफ्ट वापरू देत नाहीत. पावसाळ्यात प्रत्येक पेपर प्लास्टिकमध्ये घालायचा. हे सगळं सात वाजायच्या आत, कारण सात दहाला शाळेची घंटा. मोठे वर्ग सकाळी आणि लहान वर्ग दुपारी अशी दुबार शाळा आहे आमच्या भागात बऱ्याच ठिकाणी, म्हणजे ज्याला दहावी आहे त्याचीच शाळा सकाळची. ह्या कामाचे मी एका लाईनीला महिन्याला पंधराशे देत होतो.

पंधराशे म्हणजे काही नाही असं वाटेल पण त्यात बोर्डाची फी निघते, सायकलचे पंक्चर निघतात, मोबाईलचा रिचार्ज निघतो आणि आईच्या हातावर पाचशे ठेवता येतात. त्या पाचशेने पोरगं घरात ताठ उभं राहतं हे मी स्वतः अनुभवलंय. त्यामुळे शाळेतल्या पोरांनी कामच करू नये असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. अंबड सातपूरला कंपनीत ठेकेदाराकडे असलेल्या बापाचं काम एक तारखेला बंद झालं तर घरात कोणी तरी काही तरी आणायलाच लागतं.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. दोन हजार एकोणीसची आहे. माझ्याकडे दहावीतला एक पोरगा होता, लाईन एकदम चोख, एक घर चुकायचं नाही. पेपरची शाई बोटांना लागते, सगळ्यांच्या लागते, दगडाने घासली तरी अंगठ्याच्या रेघांत राहतेच. तर त्याची सायन्सची जर्नल शाळेने परत केली, घाण आहे म्हणून, परत लिहून आण. तो ती जर्नल चौकात घेऊन आला आणि पुरवण्या घालता घालता मला दाखवत होता, प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात खाली काळा अंगठा, पान उलटलं तिथे. पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर पण तसाच पट्टा, झोळीचा, धुतला तरी न गेलेला. मी त्याला म्हणलं अरे सरांना सांग ना तू पेपर टाकतोस, तर म्हणला नको काका, सगळ्या वर्गाला कळंल. त्याने रात्री जागून पूर्ण जर्नल परत लिहिली आणि पहाटे परत चारला हजर. मला तेव्हा भारी अभिमान वाटला होता त्याचा. आज वाटतं की मी त्या दिवशी त्याला घरी पाठवून झोपवायला पाहिजे होतं.

डिसेंबरात त्याचा पहिला तास चुकायला लागला, कारण टॅक्सीच साडेपाचला यायची. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते, जानेवारीत शाळेने पालकांना बोलावलं, आईला धुणीभांड्याचं काम सोडून जाता आलं नाही आणि त्याने शाळेत जायचंच सोडलं. मग नंतर सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून दहावीला बसायचा, फॉर्म भर म्हणून मी मागे लागलो, दोनदा भरला, दोनदा पेपरला बसला नाही. आता मार्केट यार्डात हमाली करतो, भेटला की काका म्हणून हाक मारतो आणि चहा पाजतो. त्याची काही तक्रार नाही. पण टॅक्सी उशिरा यायची हे मला माहीत होतं आणि त्याची हजेरी कमी होती हे शाळेला माहीत होतं, आम्ही दोघे एकमेकांशी एक शब्द बोललो असतो तर तो दहावी झाला असता एवढं मला पक्कं माहिती आहे.

कमवा आणि शिका आपल्याकडे नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली आणि स्वावलंबी शिक्षण हेच ब्रीद ठेवलं, पण तिथे बोर्डिंगातली पोरं शेतात राबायची, स्वयंपाक करायची ते सगळं शिकवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर. काम देणारे पण तेच आणि अभ्यास घेणारे पण तेच, त्यामुळे परीक्षा आली की काम कोणाचं कमी करायचं हे त्यांना कळायचं. आता कमवायचं एका ठिकाणी, शिकायचं दुसऱ्या ठिकाणी आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. विद्यापीठाची कमवा व शिका योजना आहे पण ती पुढे डिग्रीला गेलेल्यांसाठी. नववी दहावी अकरावी बारावीच्या पोराला अशी काहीच सोय नाही आणि गळती तर तिथेच होते.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला आम्हा विक्रेत्यांना शाळेत बोलावतात, नारळ देतात आणि भाषणात हमखास सांगतात की कलामसाहेबांनी पण लहानपणी पेपर टाकले. टाकले, खरं आहे, आणि आम्हाला त्याचा मोठा आधार वाटतो. पण ती गोष्ट पूर्ण सांगायला पाहिजे. महायुद्ध चालू होतं, रामेश्वरमला रेल्वेगाडी थांबायची बंद झाली आणि धनुष्कोडीच्या रस्त्यावर चालत्या गाडीतून पेपरचे गठ्ठे फेकायचे, ते झेलायला त्यांच्या चुलतभावाला माणूस पाहिजे होता. म्हणजे काम घरातल्याच माणसाचं होतं. पोरगं दमलं तर त्याला दिसणार होतं. माझ्या सात लाईनींवरच्या पोरांना रात्री किती वाजता झोपले हे विचारणारा मी कोण होतो, मी फक्त कोण आलं आणि कोण नाही आलं बघायचो.

मी स्वतः असाच वाढलोय. १९८६ ला मी आठवीत होतो, तेव्हापासून पेपर टाकतो. नववीपासून दिवसाची शाळा सोडून रात्रशाळेत गेलो आणि १९८९ ला दहावी झालो. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८५५ ला शेतकरी कामगारांसाठी रात्रीची शाळा काढली होती, त्या वाटेवरच्या शाळेने मला दहावी केलं. तिथे एक गोष्ट फार चांगली होती, सगळ्याच सरांना माहिती असायचं की पोरगं दिवसभर काम करून आलंय. कोणाला लाज वाटायची नाही. कोणी हॉटेलात, कोणी गॅरेजला, हाताला ग्रीस असलं तरी वही कोणी परत करायचं नाही.

त्याच १९८६ ला बालकामगार कायदा पण आला आणि २०१६ ला तो बदलला, हे मला मागच्या वर्षी नीट कळलं. चौदाच्या आतल्याला कामाला ठेवायचंच नाही हे मला माहिती होतं, ठेवलं पण नाही. पण चौदा ते अठरामधल्यांना धोक्याची कामं तर द्यायचीच नाहीत, आणि बाकीच्या कामालासुद्धा त्यात वेळ ठरवून दिलेली आहे. मधली सुट्टी धरून दिवसाला सहा तासांच्या वर नाही, सलग तीन तास झाले की एक तास विश्रांती, आठवड्याला एक पूर्ण सुट्टी, ओव्हरटाईम नाही, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम द्यायचंच नाही. हे वाचून मी रात्रभर जागा होतो कारण आमचं सगळं काम आठच्या आत संपतं. आणि फक्त आमचंच नाही. संध्याकाळी सातच्या पुढे त्रिमूर्ती चौकापासून चालत या, मोबाईल कव्हरच्या दुकानात, मेडिकलमध्ये, चायनीजच्या गाडीवर, साडीच्या दुकानात घड्या घालायला, सगळीकडे अकरावी बारावीची पोरं पोरी दिसतील, साडेदहाला सुटतात आणि सकाळी सातला क्लास. पोरींचं तर काम कोणी कामात धरतच नाही, मेसच्या पन्नास पोळ्या आईबरोबर लाटून शाळेत येते तिला वर्गात डुलकी लागली की म्हणतात रात्री मोबाईल बघत बसली असेल.

झोपेचं महत्त्व सरकारला पटलेलं आहे बरं का. २०२३ च्या डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस बोलले की पोरांची झोप होत नाही आणि दोनच महिन्यांत सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका असं काढलं. चांगलं केलं. माझी नात दुसरीत आहे, ती आता उठते तेव्हा हसत असते. पण जो पोरगा चारला उठून दुसऱ्यांच्या दारात पेपर टाकून येतो तो चौथीच्या पुढचा आहे म्हणून त्याची घंटा सात दहालाच.

तर मी काय केलं ते सांगतो. मागच्या जूनपासून अठराच्या आतल्या एकाला पण पहाटेची लाईन देत नाही. चार पोरं होती तशी. त्यांना रविवारी सकाळी दहा ते एक बिल वसुलीचं काम दिलं, लोक घरी असतात, पोरं हिशोब शिकतात, पावती फाडायला शिकतात, महिन्याला आठशे होतात. पंधराशेचे आठशे झाले हे मला माहिती आहे, त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, एका आईने तोंडावर सांगितलं की तुमच्या कायद्याने माझं घर चालत नाही, आणि तिचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. तिचा पोरगा आता एका हॉटेलात रात्रीच्या भांड्यांना जातो. म्हणजे मी त्याला थांबवून आणखी वाईट ठिकाणी पाठवला. हे मला लागलेलं आहे. लाईनी मी, बायको आणि कंपनीतून रिटायर झालेले दोघे जण ओढतो, आणि पेपर बहुतेकांना सव्वासातपर्यंत जातो, काही घरी आठ होतात.

परीक्षेच्या काळासाठी पण एक चालू केलंय. दिवाळीला गिऱ्हाईक पोस्त देतात, वीस देतात कोणी शंभर देतात, ती मी पोरांसाठी बाजूला ठेवतो आणि बोर्डाच्या परीक्षेच्या आधीचा एक महिना काम बंद, पैसे चालू. परीक्षा आता फेब्रुवारीतच सुरू होते, म्हणजे जानेवारी पूर्ण मोकळा. मोठं दुकान असलेल्याला हे अजिबात अवघड नाही, मी पेपरवाला असून करतो.

आता मागणं. संपादक साहेब, तुमच्याकडे पहिलं. छपाई उशिरा झाली की गठ्ठे चौकात साडेपाचला येतात आणि त्या दिवशी कुठे तरी कोणाचा पहिला तास जातो, माझ्याकडे आता पोरं नाहीत पण बाकीच्या चौकांत आहेत. रात्रीची मॅच संपेपर्यंत पान थांबवता तेव्हा एवढं लक्षात घ्या. दुसरं, मुख्याध्यापकांनी जूनमध्ये वर्गात हात वर करायला न लावता, एकेकाला बाजूला घेऊन विचारावं, कुठे काम करतोस, किती वाजता सुटतोस, मालकाचा नंबर दे. एक वही पुरेल. मालकाला फोन गेला की मालक पण सुधारतो, मला कोणी एकदा जरी फोन केला असता तर मी त्या पोराची लाईन लगेच छोटी केली असती. हजेरी घसरायला लागली की जानेवारीत आईला बोलावण्यापेक्षा नोव्हेंबरात काम देणाऱ्याला बोलवा, आम्ही येऊ.

आणि वाचकांना हात जोडून एवढंच की सव्वासहाला पेपर नाही आला म्हणून एजंटला फोन लावू नका, बंद करतो म्हणू नका. माझ्या गिऱ्हाइकांपैकी अकरा घरांनी पेपर बंद केला उशीर होतो म्हणून. पण एका आजोबांनी बिलावर पेनाने लिहून दिलं, आठ वाजता आला तरी चालेल, आणि खाली सही केली. ती पावती मी गल्ल्यात वरच ठेवलीय, दुसरं कोणी तसं लिहून दिलं तर तिच्याबरोबर लावून ठेवीन.

आपला,
एक पेपर विक्रेता
सिडको, नाशिक