सीपीयू खोलण्याआधी वाच

चिपळूण, रविवार

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू फोन कट केलास. मीही पुन्हा लावला नाही, लावला असता तर परत आवाज चढला असता. बाबा उद्या सकाळच्या कराड गाडीला पार्सल टाकणार आहेत, त्यात हे ठेवतेय.

कॉम्प्युटर चालू होत नाही म्हणून मी चिडले, असं तुला वाटलं. त्यावरून नाही रे. "व्हिडिओ बघून एसएमपीएस खोलतो" म्हणालास आणि माझ्या पोटात गोळाच आला. सीपीयूला वीज पुरवणारा तो पत्र्याचा डबा खोलायचा नाही. प्लग काढलेला असला तरी नाही. भिंतीतून येणारे २३० व्होल्ट आत डीसी होऊन सव्वातीनशेच्या आसपास जातात आणि मोठे कपॅसिटर ते प्लग काढल्यावरही धरून बसतात. बिघडलेल्या एसएमपीएसमध्ये ते कधी रिकामे होतील, काही भरवसा नाही. झालं, आता पुन्हा लिहिणार नाही.

बाकी मशीन खुशाल तपास. सुरुवात भिंतीपासून कर. क्लासमध्ये "मॅडम, पीसी मेला" अशी हाक आली की मी आधी मागची केबल दाबायचे, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच काम व्हायचं. त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघ. मग मॉनिटरची पॉवर केबल काढून सीपीयूला लाव. एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये नको. मग प्लग काढून समोरचं बटण अर्धा मिनिट दाबून धर, आणि परत लाव.

आता बाजूचा पत्रा काढून मदरबोर्डवरचा छोटा दिवा लागतो का बघ. लागत असेल तर स्टँडबायचे, म्हणजे मशीन बंद असतानाही येणारे, पाच व्होल्ट येताहेत, म्हणजे एसएमपीएस अगदीच मेलेला नाही. मग संशय समोरच्या बटणावर. बटणाकडून येणारी 'पॉवर एसडब्ल्यू'ची बारीक वायर बोर्डावरून काढ आणि खालच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोड. नेमक्या त्याच दोन. तिथे पाच व्होल्टच्या वर काही नसतं. मशीन उठलं तर बटण गेलंय, रिसेटची वायर तिथे लावून टाक. खिडकीजवळच्या मशीनला आपण तेच केलं होतं, आठवतं? पोरं रिसेट दाबून पीसी चालू करायची आणि नवीन आलेला प्रत्येक जण गोंधळायचा.

पंखा गर्रकन फिरून लगेच थांबत असेल तर कुठेतरी शॉर्ट असू शकतो. प्लग काढून रॅम, डीव्हीडी, हार्डडिस्क सगळं बाजूला कर आणि एकेक लावत जा. रॅमचे सोनेरी पट्टे खोडरबराने पूस. प्रोसेसरजवळची चार पिनांची पिवळी-काळी वायर घट्ट बसलीय ना, आणि तिथल्या कपॅसिटरच्या टोप्या फुगल्यात का, तेही बघ. टोपीवर तपकिरी चिकट दिसलं तर बोर्डाचंच काम आहे.

मदरबोर्डवरचा दिवा लागतच नसेल तर २४ पिनांचा कनेक्टर बोर्डातून काढून त्यातली हिरवी आणि कुठलीही काळी वायर जोडून बघतात. जुनी हार्डडिस्क लोड म्हणून लाव. आधी वायर जोडायची, मग भिंतीवरचा स्विच चालू, उलट नाही. पंखा फिरला नाही तर एसएमपीएस गेला, नवीन आण. डबा खोलून बघायचा नाही. (लिहिणार नव्हते, माहीत आहे.)

गणपतीत आलास तेव्हा तू सहज बोलून गेलास की सीपीयूला हात लागला की झिणझिण्या येतात. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. त्या खोलीत अर्थिंग नाही रे. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन बारीक कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात, अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मा व्होल्टेज येऊन बसतो. करंट अगदी थोडा असतो, मान्य. पण उद्या आत काही खरंच शॉर्ट झालं तर तो जाणार कुठून? रूममालकाला सांगून वायरमनकडून तपासून घे. तुला संकोच वाटत असेल तर बाबा फोन करतील. आप्पांचं तुला माहीत आहे, मी वेगळं काय सांगू.

२२ जुलै २०२१ ला पाणी चढायला लागलं तेव्हा हाच सीपीयू तू पोटाशी धरून माळ्यावर नेलास. खालची सगळी मशीनं गेली, कीबोर्डातून गाळ निघत होता, आणि लाइट आल्याचं कळताच तू अनवाणी, ओल्या फरशीवरून स्विचबोर्डाकडे हात नेलास. तेव्हा तुला फटका मारला होता. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

किती उपदेश झाला बघ. तुला यातलं बरंच येतं. तुझ्या रूमवरची मुलं आपली मशीनं तुझ्याकडे आणतात हे मी इथे चारचौघांत सांगत असते, बाबा हसतात. पण पैसे वाचावेत म्हणून तू लॅपटॉप नको म्हणालास, एवढं मला कळतं. टायपिंगच्या बॅचेस पुन्हा भरताहेत, जीसीसी-टीबीसीच्या सरकारी टायपिंग परीक्षेला यंदा मुलं बरी आहेत. नवा एसएमपीएस घे, बाबांनी पैसे पाठवलेत. स्वस्तातला हलका डबा घेऊ नकोस.

तारीख सारखी मागे जाते म्हणत होतास, म्हणून मदरबोर्डवरचा, तारीख-वेळ सांभाळणारा सीआर२०३२ चा सेल पार्सलमध्ये टाकलाय. त्याने मशीन चालू होईलच असं नाही. लाडू वरच्या डब्यात आहेत, मुलांना दे. डबा आजीचा आहे, परत आण.

तुझी,
आई

ता. क. एसएमपीएसच्या मागे लाल सरकता स्विच असेल तर तो २३० वरच राहू दे. ११५ वर गेला आणि तू प्लग लावलास तर फाडकन आवाज येईल आणि मग दुरुस्तीचा प्रश्नच उरणार नाही. आणि पायात चप्पल घाल.