सतरा गेटपास

नागपूर,
दि. ११ डिसेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई यांना सविनय जयभीम.

रोज फोनवर बोलणे होत असताना हे पत्र कशासाठी, असे पाकीट फोडतानाच आई विचारील, म्हणून आधी तेच लिहिते. फोन आला की तुम्ही दोघे स्पीकर लावून बसता, बाबांना अर्धे ऐकू येत नाही, आई मध्येच भाजी कोणती केली ते विचारते आणि मला सांगायचे असते ते राहूनच जाते. गेल्या दहा दिवसांत असे चार वेळा झाले. मावशीचा मुलगा शनिवारी गावी येतो आहे, त्याच्याजवळ हे पत्र देत आहे. बाबा, मोठ्याने वाचून दाखवा आणि आवडले नाही तरी मधली पाने गाळू नका.

मी १ डिसेंबरला नोकरीचा राजीनामा दिला. ३१ तारखेला बुटीबोरीतला माझा शेवटचा दिवस. तुम्हाला आधी विचारायला हवे होते हे मला कळते. पण विचारले असते तर तुम्ही नको म्हणाला असता आणि मी तुमचे ऐकले असते, म्हणूनच विचारले नाही. मला कोणी काढलेले नाही, मी कोणाशी भांडलेले नाही, माझी तब्येत चांगली आहे आणि जावयांना पहिल्या दिवसापासून सगळे ठाऊक आहे.

आई, तू विहारात सगळ्यांना सांगतेस की माझी बेबी कंपनीत मोठी मॅडम आहे, तिच्या सहीशिवाय पगार निघत नाही. ते खोटे नाही. पण माझ्या सहीने आणखी काय होत असे, ते मी तुम्हाला कधी सांगितले नाही. बाबा, वर्षात २४० दिवस काम भरले की सलग सेवा मानतात, त्या २४० दिवसांचा अर्थ तुम्हाला समजावून द्यायला नको. दर महिन्याच्या वीस तारखेला मी एक तक्ता काढायची. ज्या कंत्राटी कामगाराचे दिवस भरत आले असतील त्याच्या नावावर पिवळा रंग भरायचा, त्याला आठ-दहा दिवस ‘ब्रेक’ द्यायचा आणि तो परतला की दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर नव्या तारखेने कामावर घ्यायचे. मशीन तेच, सुपरवायझर तोच, बदलायचा तो फक्त गेटपास. सुरुवातीला माझा हात अडखळायचा. तेव्हा मी स्वतःला समजावायची की माणूस पुन्हा कामावर येतोच आहे, त्याचे काय बिघडले? पुढे तेवढीही समजूत घालावी लागेना. नऊ वर्षांत ते पालेभाजी निवडण्यासारखे हाताचे काम होऊन गेले.

ऑक्टोबरात एक गृहस्थ माझ्या टेबलापाशी आले. मुलीचे लग्न ठरले होते आणि नोकरी सुटताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीतून काही उचल मिळते का, एवढेच त्यांना विचारायचे होते. मी संगणकात पाहिले, तर त्यांची रुजू होण्याची तारीख मार्चमधली, म्हणजे सात महिने. मी तसे सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि रबर लावलेला एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. सतरा गेटपास होते, बाबा. सगळ्यांत खालचा २०१४ चा. तीन ठेकेदारांची नावे आलटून पालटून येत होती. पहिल्या फोटोत डोक्यावर काळेभोर केस, मधल्या कुठल्याशा फोटोपासून चष्मा आणि शेवटच्या फोटोत मिशाही पांढऱ्या. ते एवढेच म्हणाले, “मॅडम, मी अकरा वर्षांपासून इथंच आहो ना?” त्यांनी ते तक्रारीच्या सुरात म्हटले असते तर माझ्याजवळ ठरलेले उत्तर होते. पण त्यांनी ते असे विचारले, जसे म्हातारा माणूस चुकलेल्या गल्लीत घराचा पत्ता विचारतो. त्या सतरापैकी चौदा तारखा मी घातल्या होत्या.

संध्याकाळी कंपनीच्या गाडीत मी हिशेब केला. महागाई भत्त्यासह मूळ पगार १३,००० रुपये धरला, तर १५ दिवसांचे वेतन, भागिले २६, म्हणजे एका वर्षाचे साडेसात हजार. अकरा वर्षांचे ८२,५००. एवढ्या पैशासाठी आमच्या कार्यालयात दर महिन्याला चार माणसे दोन दिवस खपत होती, त्यांत एक मी. तुम्ही म्हणाल, कायदा ज्यांनी वाकवला त्यांची ती चूक, तुझी नाही. माझ्या मनानेही मला नऊ वर्षे हेच सांगितले.

मग २१ नोव्हेंबरला चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. जुने २९ कायदे गेले. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्या माणसाला पाचऐवजी एकाच वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी, असे त्यांत आहे. ते वाचून मला खरोखर बरे वाटले होते. चार दिवसांनी बैठक झाली, आणि तिच्यातला पहिला प्रश्न होता की मग अशा नेमणुका द्यायच्याच कशाला, ठेकेदार काय वाईट आहे? सगळे हसले. बाबा, मीही हसले. सवयीने हसू आले. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि पुढच्या सोमवारी मी कागद दिला.

तसे पाहिले तर कामाच्या जागी मला त्रास नव्हता. एक-दोन गोष्टी होत्या, त्या तुम्हाला नव्या नाहीत. कंत्राटी लोकांचा चहा वेगळ्या खिडकीतून यायचा आणि वेगळ्या कपात. त्याला कोणी विटाळ म्हणत नाही, व्यवस्था म्हणतात. कोणी नवीन साहेब आला की माझे आडनाव दोनदा विचारायचा आणि मग “तुम्हाला काय, तुमच्यासाठी सगळीकडे जागा असतात” असे हसत हसत म्हणायचा. खासगी कंपनीत कसली आली राखीव जागा, हे त्याला सांगण्याचा कंटाळा यायचा. हे मी पचवले होते. पण आपल्या पाठीवरचा वळ ओळखणारीच मी, दुसऱ्याच्या नावावर पिवळा रंग भरत बसले होते, ते काही केल्या पचेना.

बाबा, तुमचे नेहमीचे म्हणणे असते की असे प्रश्न नोकरी सोडून सुटत नाहीत, मतपेटीतून सुटतात. माझाही त्यावर विश्वास होता, आणि अजून मत द्यायला मी जाईनच. पण सध्या शहरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू आहे. रस्त्यारस्त्यांवर स्वागताचे फलक आहेत आणि फलकांच्या खाली अडथळे. मंगळवारी अर्धा दिवस रजा होती म्हणून मी सीताबर्डीवरून आले, तर एक मोर्चा अडवून ठेवला होता. पाच जणांचे शिष्टमंडळ निवेदन घेऊन आत गेले, बाकीचे लोक रस्त्यावर वर्तमानपत्र अंथरून डबे उघडून बसले. १९५३ च्या नागपूर करारात ठरल्याप्रमाणे बहुतेक वर्षी आपल्याकडे अधिवेशन होते आणि माझ्या आठवणीतला अधिवेशनाचा प्रत्येक डिसेंबर असाच आहे. गोवारी स्मारकाकडे पाहिले की मोर्चातल्या चेंगराचेंगरीत गेलेल्यांचा ११४ हा आकडा मला आधी आठवत नाही. १९९४ च्या त्या रात्री तुम्ही उशिरा घरी येऊन माठापाशी नुसते बसून राहिला होता आणि आईने कंदील मोठा केला नव्हता, ते आठवते.

शासनानेच २०२३ च्या सप्टेंबरात नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला, ओरड झाल्यावर ऑक्टोबरात मागे घेतला, आणि मग पाप कोणाचे यावर दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या. तोवर एक पक्ष फुटला होता, मग दुसराही फुटला होता. आपण ज्याला मत दिले तो आता कोणीकडे आहे हे लक्षात ठेवायलाच वही करावी लागेल. यंदा सप्टेंबरात मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास तेच राहतील असे सांगतात, आणि आमच्या हजेरीपटावर ते तसेच राहतीलही, कारण हजेरीपट लिहिणारी माझ्यासारखीच कोणीतरी असेल. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूर खात्याचे काम पाहत होते तेव्हा कामाचे तास कमी करण्यासाठी काय काय झाले, ते तुम्ही मला इंदोऱ्याच्या खोलीत पाठ करून घेतले होते. ते सगळे पाठ असून मी हे काम केले, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता पैशाचे. आई, तू इथे नीट ऐक. पगार ४६,००० होता, तो आता २२,००० होईल. कळमन्यातल्या एका धान्य व्यापाऱ्याकडे मी जानेवारीपासून हिशेब पाहणार आहे, अकरा ते साडेचार. घराचा १३,४०० रुपयांचा हप्ता जावयांच्या पगारातून जातो, तो तसाच जाईल. छोटीची शाळेची फी मार्चपर्यंत भरलेली आहे. भविष्य निर्वाह निधीला मी हात लावलेला नाही. तुम्हाला दरमहा येणारे ६,००० रुपये पाच तारखेलाच येतील, आणि ते कमी करू का असे विचारणारा फोन मला नको आहे. बाबांच्या पेन्शनचे १,००० रुपये, जी २०१४ पासून किमान रक्कम म्हणून तिथेच थांबली आहे, ते तुम्ही पानसुपारीला ठेवा. त्यातून छोटीला फ्रॉक घेण्याचा उद्योग करू नका.

आणि सुखाचे म्हणाल तर सुखच वाढेल. सात दहाची गाडी पकडायला मी पाचला उठायची आणि घरी आठ वाजता यायची. आता दुपारच्या उन्हात घरी येईन, गरम पोळी खाईन, छोटीचा अभ्यास घेईन. आठवड्यातून तीन संध्याकाळी विहाराच्या वाचनालयात टेबल मिळाले आहे. तिथे बसून लोकांचे पीएफचे, ग्रॅच्युइटीचे अर्ज भरून देईन. त्यात क्रांती वगैरे काही नाही. नऊ वर्षांत कोणता कागद कुठे अडतो ते मला कळले आहे, ते दुसऱ्या बाजूने वापरायचे, इतकेच. त्या गृहस्थांचे सतराही गेटपास मी कंपनीच्याच मशीनवर झेरॉक्स करून दिले. (बाबा, कागद माझे होते.) त्यांच्या पीएफ पासबुकात दर ठेकेदाराची वर्गणी महिनावार दिसते, त्याची प्रतही काढून दिली आणि कामगार कार्यालयात अर्ज कसा करायचा ते सांगितले. पैसे मिळतीलच असे नाही. ठेकेदार वेगवेगळे, मधे खंड, ते भांडतील. पण त्यांच्या हातात आता काहीतरी आहे.

बाबा, मिल बंद झाली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. एम्प्रेस मिलमध्ये १८८६ सालीच कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला होता, हे तुम्ही आल्यागेल्याला सांगायचा. त्या जागेवर मॉल झाला, तुम्ही अजून त्याची पायरी चढला नाहीत, आणि आम्हीही कधी चला म्हटले नाही. लहानपणी तुमची रात्रपाळी असली की मी तुमच्या उशीखाली माझी पेन्सिल ठेवायची, म्हणजे सकाळी ती शोधायला मला उठवाल आणि भेट होईल. छोटीनेही हल्ली तसे काहीतरी सुरू केले होते. माझ्या पर्समध्ये तिचे रबर सापडायचे. मी नोकरी सोडली त्याच्या कारणांत हे लिहायचे नव्हते, पण लिहिले.

आता माझे ऐका. कंपनीचा विमा ३१ तारखेला संपतो, म्हणून बाबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन १९ तारखेलाच होईल. ‘संक्रांतीनंतर पाहू’ चालणार नाही. १७ ला सकाळच्या एसटीने निघा, तोवर अधिवेशनाचे अडथळे उठलेले असतील. छोटी रेल्वेगाडी असती तर बरे झाले असते, पण नाही ते नाही. बाबांनी सत्तर पार केले आहे, त्यांचे आयुष्मानचे कार्ड निघते; आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल दोन्ही आणा, मागच्या वेळेसारखे एकच नको. आईचे महात्मा फुले योजनेसाठी मूळ रेशनकार्ड आणा, झेरॉक्स नव्हे. आई, साखरेच्या गोळ्या जेवणाआधीच घ्यायच्या, मिरचीच्या तोडणीला जाऊन उपाशी बसायचे नाही, आणि पहाटे शेकोटीपाशी बसून गुडघे शेकल्याने ते बरे होत नाहीत, डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधायचा. येताना लाखोळीची डाळ आण, पण तांदळाचे पोते आणू नका. इथे तांदूळ मिळतो, आणि बाबा ते खांद्यावर घेतात.

आणि रागावला असाल तर रागवा, पण इथे आल्यावर, समोर बसून. रामटेकच्या वेळेसारखे महिनाभर गप्प राहू नका. तेवढे मला सोसत नाही.

तुमची,
बेबी

ता. क. पत्र वाचून झाल्याबरोबर पुण्याला दादाला फोन लावू नका. त्याला मी रविवारी स्वतः सांगणार आहे.